वस्तीचा विषय ग्रामसभेत कसा न्यावा : माण-जत पट्ट्यात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

सातारा जिल्ह्यातील माण-खटाव किंवा सांगली जिल्ह्यातील जत-आटपाडी या भागात ग्रामविकासाच्या कामासाठी नव्याने येणारा कार्यकर्ता बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर येतो, दोन-तीन महिने गाव समजून घेण्यात घालवतो आणि प्रत्यक्ष कामाला दिवाळीनंतर हात घालायचे ठरवतो. तोपर्यंत ज्यांच्यासाठी तो आलेला असतो त्यांची घरे कुलूपबंद होऊ लागलेली असतात. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघून जातात, मेंढपाळांचे वाडे कोकणाच्या वाटेला लागतात, आणि वस्तीत उरतात ती म्हातारी माणसे व त्यांच्याजवळ ठेवलेली शाळकरी मुले. मी पहिल्या वर्षी हीच चूक केली होती. डिसेंबरात मोठ्या उत्साहाने बैठक बोलावली, तेव्हा सतरंजीवर अकरा माणसे होती आणि त्यांतील चौघांना ऐकू कमी येत होते.

म्हणून हा लेख ग्रामविकासाच्या सगळ्या योजनांची जंत्री देत नाही. मागास, भूमिहीन किंवा भटक्या कुटुंबांच्या वस्तीचे एखादे रास्त काम, मग ते गटार असो, पिण्याच्या पाण्याची जोडणी असो, स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता असो, ते ग्रामपंचायतीच्या कागदावर कसे आणावे आणि कागदावरून जमिनीवर कसे उतरवावे, एवढाच त्याचा विषय आहे. हे एक काम नीट पार पाडता आले की वस्तीला पुढची कामे बरीचशी स्वतः करता येतात, असा माझा अनुभव आहे.

आधी दिनदर्शिका समजून घ्या

कायद्यानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा होणे बंधनकारक आहे आणि त्या साधारणपणे 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 26 जानेवारी या तारखांना किंवा त्यांच्या आसपास घेतल्या जातात. पुढील वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा, ज्याची प्रक्रिया महाराष्ट्रात ‘आमचा गाव, आमचा विकास’ या नावाने ओळखली जाते, तो तयार करण्याची मोहीम 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि पुढचे काही महिने चालते. आता ही तारीख ऊसतोडीच्या हंगामाशेजारी ठेवून पाहा. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होते, मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो. म्हणजे गावाच्या पुढच्या वर्षाच्या खर्चाचा हिशेब ज्या महिन्यांत मांडला जातो, नेमक्या त्याच महिन्यांत गावातील सर्वांत गरीब कुटुंबे कुठल्या तरी फडात पाचटाच्या खोपीत राहत असतात. यात कोणी मुद्दाम कट केलेला नसतो, पण परिणाम मात्र कट केल्यासारखाच होतो.

यातून निघणारा नियम सोपा आहे. वस्तीतील बैठका जुलै आणि ऑगस्टमध्ये घ्याव्यात, लेखी मागणी सप्टेंबरमध्ये ग्रामपंचायतीत पोचवावी आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला वस्ती हजर ठेवावी. 26 जानेवारीच्या सभेवर विसंबून राहू नये.

ज्या कुटुंबांना ऊसतोडीला जायचेच नाही त्यांच्यासाठी तर याहूनही आधी धावपळ करावी लागते. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतली जाते आणि एकदा उचल घेतली की त्या नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, त्या हंगामासाठी बांधला जातो. त्यानंतर गावात रोजगार हमीचे काम निघाले तरी त्यांना त्याचा उपयोग नसतो. त्यामुळे कामाची मागणी उचलीच्या आधी, लेखी स्वरूपात नोंदवायला हवी आणि तिची तारीख घातलेली पोच घ्यायला हवी. हमीच्या कायद्याचे नाव, दिवसांची संख्या आणि मजुरीचा दर काळानुसार बदलत आले आहेत, परंतु तारखेची पोच हातात नसेल तर हमी सिद्ध करता येत नाही, हे पहिल्यापासून तसेच आहे. या हमीचा उगम याच मातीत आहे हे नव्या कार्यकर्त्याला ठाऊक असावे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने 1965 मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा पहिला प्रयोग झाला, राज्याचा कायदा 1977 मध्ये झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. देशाचा कायदा व्हायला त्यानंतर 2005 उजाडावे लागले.

गावाचे कागद वाचा

वस्तीत पहिली बैठक घेण्यापूर्वी आठ-दहा दिवस कागद वाचण्यात घालवावेत. त्यासाठी आता ग्रामपंचायतीच्या कपाटाची किल्ली मिळण्याची वाट पाहावी लागत नाही. ई-ग्रामस्वराज या शासकीय संकेतस्थळावर प्रत्येक ग्रामपंचायतीचा मंजूर आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीचा खर्च पाहता येतो. मागच्या तीन वर्षांचे आराखडे उतरवून घ्यावेत आणि त्यांतील किती कामे वस्तीच्या हद्दीत दाखवली आहेत व किती प्रत्यक्षात तिथे उभी आहेत, हे पायी फिरून ताडून पाहावे. ही फेरी एकट्याने न करता वस्तीतील दोन-तीन तरुणांना सोबत घेऊन केली, तर ती फेरी हीच पहिली बैठक ठरते.

तीन आकडे पाठ करून ठेवावेत. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे घरपट्टी, बाजार कर, गाळ्यांचे भाडे वगैरेंतून, 15 टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित असते. समजा, एखाद्या गावाचे स्वतःचे उत्पन्न वर्षाला 6 लाख रुपये आहे, तर मागासवर्गीयांच्या वाट्याला 90,000, महिला व बालकांच्या वाट्याला 60,000 आणि दिव्यांगांच्या वाट्याला 30,000 रुपये येतात. रकमा मोठ्या नाहीत. पण दर वर्षी त्या समाजमंदिराला रंग देण्यात किंवा वस्तीतील दिव्यांच्या खांबांवर दाखवून संपवल्या जातात, असे बऱ्याच ठिकाणी दिसते, आणि वस्तीला विचारले तर असा काही पैसा असतो हेच कोणाला माहीत नसते.

वित्त आयोगाचा निधी हा याहून मोठा विषय आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात 2021-22 ते 2025-26 या वर्षांसाठी त्याचा 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित, म्हणजे फक्त त्याच कामांसाठी राखून ठेवलेला, होता. याचा व्यावहारिक अर्थ असा की गटार, सांडपाणी किंवा पाण्याच्या जोडणीची मागणी बंधित निधीत बसते, तर सभामंडपाची मागणी बसत नाही. कोणती मागणी कोणत्या डब्यात बसते, हे आधी पाहून ठेवले की ‘निधी नाही’ या उत्तराला प्रतिप्रश्न करता येतो. याशिवाय अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची स्वतंत्र योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत राबवली जाते आणि भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे.

एक कागद मात्र ई-ग्रामस्वराजवर मिळत नाही आणि कामे अडतात ती बहुतेक वेळा त्याच्यामुळेच: ज्या जागेवर काम करायचे तिचा उतारा. रस्ता कोणाच्या सात-बारातून जातो, टाकीची जागा गायरानात आहे की गावठाणात, घरांची नोंद ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना 8 ला, आहे की नाही, हे आधीच तपासावे. खाजगी जागा असेल तर मालकाचे बक्षीसपत्र किंवा लेखी संमती लागेल. एका गावात वस्तीच्या रस्त्याचा ठराव झाला, अंदाजपत्रक झाले, मान्यता आली आणि मुरमाचा पहिला ट्रॅक्टर आला त्या दिवशी शेजारच्या शेतकऱ्याने उतारा दाखवून काम थांबवले. त्याचे कागदोपत्री काहीच चुकले नव्हते. आम्हीच त्याच्याकडे आधी गेलो नव्हतो.

वस्तीची बैठक

बैठकीची जागा आणि वेळ यांवर निम्मे काम अवलंबून असते. पारावर किंवा चावडीत बैठक घेतली तर वस्तीतील बायका येत नाहीत आणि आलेले पुरुष गप्प बसतात, कारण तिथे पूर्वापार कोण बोलते हे ठरलेले आहे. बैठक वस्तीतच घ्यावी, रात्री भाकरी-कालवण उरकल्यानंतर घ्यावी, आणि कार्यकर्त्याने खुर्ची मागू नये. दिली तर ती एखाद्या आजींना द्यावी. पहिल्या बैठकीत योजना सांगू नयेत. योजना सांगितली की लोक योजनेप्रमाणे गरज सांगू लागतात. विहिरीची योजना आहे म्हटले की सगळ्यांना विहीर हवी असते, ज्यांना गुंठाभर जमीन नाही त्यांनाही.

‘तुमच्या अडचणी काय आहेत’ असा प्रश्न विचारला तर तासभर सगळ्याच अडचणी ऐकायला मिळतात आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी जमिनीवर रांगोळीने वस्तीचा नकाशा काढायला सांगावा. घरे, हापसा, समाजमंदिर, ओढा, शाळेची वाट, बायका शौचाला जातात ती बाजू, पावसात पाणी साचते ती जागा, हे सगळे त्यांच्याच हाताने आले पाहिजे. नकाशा काढताना जो वाद होतो तो कागदावर टिपून घ्यावा. पुरुषांनी काढलेल्या नकाशात मुख्य रस्ता ठळक येतो आणि बायकांनी काढलेल्या नकाशात पाण्याची वाट ठळक येते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता मी दोन वेगळे नकाशे काढायला सांगतो.

मग एकच मागणी निवडायची. हा सर्वांत कठीण टप्पा आहे, कारण वस्ती एकजिनसी नसते. बाहेरून आलेल्याला जी एक ‘मागास वस्ती’ दिसते तिच्यात बौद्ध, मातंग, रामोशी, वडार, कैकाडी अशी वेगवेगळ्या समाजांची घरे असू शकतात, त्यांचे आपसातील मान-अपमान असतात, जुने पाण्याचे तंटे असतात, मागच्या निवडणुकीत कोण कोणाकडे होते याचा हिशेब असतो. कार्यकर्त्याने घाईने बहुमत मोजू नये. बहुमताने तीस घरांचे काम निवडले आणि टोकाची सहा घरे तशीच राहिली, तर ती सहा घरे ग्रामसभेला येत नाहीत आणि गावातील विरोधकाला आयती मिळतात. शक्यतो सगळ्यांत अडलेल्या घरांपासून सुरू होणारे काम निवडावे. गटाराची सुरुवात टोकाच्या घरापासून झाली तर त्याचा फायदा वाटेतल्या प्रत्येक घराला होतो. उलट बाजूने झाली तर निधी संपतो तिथे गटार संपते.

या बाबतीत खानापूर तालुक्यातील बलवडी-तांदूळवाडी येथील बळीराजा धरणाची गोष्ट नव्या कार्यकर्त्याने जाणून घ्यावी. येरळा नदीवर लोकांनी स्वतः पुढाकार घेऊन ते बांधले, त्याच्या खर्चासाठी नदीतील वाळू विकली, आणि पाणी वाटताना ज्यांना जमीन नाही त्यांचाही पाण्यावर हक्क धरला. जमीन नाही म्हणून पाण्याच्या बैठकीला का जायचे, असे भूमिहीन माणसाला वाटत असते. त्याचा वाटा आधी मान्य झाला तर तो बैठकीला येतो.

मागणी लिहिणे

तोंडी मागणी ही मागणी नव्हे. अर्ज एका पानाचा, एका विषयाचा असावा आणि त्यात मोजमाप असावे. ‘आमच्या वस्तीचा विकास करावा’ या वाक्यावर कोणालाच काही करता येत नाही. नमुन्यादाखल मजकूर असा ठेवता येईल : ‘आम्ही खाली सह्या करणारे प्रभाग क्रमांक 3 मधील रहिवासी आहोत. आमच्या 42 घरांचे सांडपाणी समाजमंदिरासमोरील रस्त्यावर साचते. तरी शेवटच्या घरापासून ओढ्यापर्यंत अंदाजे 180 मीटर लांबीचे बंदिस्त गटार करण्याचे काम पुढील वर्षाच्या विकास आराखड्यात समाविष्ट करावे आणि हा विषय 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.’ अंतर दोरीने मोजून घ्यावे. सोबत नकाशा जोडावा. सह्यांमध्ये बायकांच्या सह्या वेगळ्या रकान्यात घ्याव्यात.

अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्यावा. 2024 मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून हे नवे नाव आले आहे, तरी गावात त्यांना अजूनही ग्रामसेवक किंवा भाऊसाहेब असेच म्हटले जाते आणि बोलताना आपणही तसेच म्हणावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये. अर्ज घेऊन कार्यकर्त्याने एकट्याने जाणे ही चूक आहे. वस्तीतील किमान चार जण, त्यांत दोन बायका, यांनी जावे आणि कार्यकर्त्याने मागे उभे राहावे. सरपंचांना आधी भेटून विषय सांगावा, म्हणजे त्यांना सभेत अचानक धक्का बसल्यासारखे वाटत नाही. सरपंच ताई असतील आणि कारभार त्यांचे यजमान पाहत असतील, तरी अर्ज ताईंच्याच हाती द्यावा आणि बोलणे त्यांच्याशीच करावे. थोडा वेळ अवघडल्यासारखे होते, पण होऊ द्यावे.

महिला सभा आणि ग्रामसभा

ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. अनेक गावांत ती रजिस्टर घरोघर फिरवून, सह्या गोळा करून ‘होते’. वस्तीतील बचत गटाच्या बायकांनी या सभेची तारीख लेखी विचारली, एवढ्यानेच पुष्कळदा ती खरोखर भरवली जाते. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे बचत गट गावात असतील तर त्या गटांना मार्गदर्शन करणाऱ्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताईंना आधीपासून सोबत घ्यावे, कारण दर आठवड्याच्या बैठकीची, इतिवृत्त लिहिण्याची आणि सर्वांसमोर हिशेब सांगण्याची सवय त्या बायकांना आधीच असते. आराखड्याच्या प्रक्रियेत वंचित घटकांची सभाही अपेक्षित आहे. तीही मागून घ्यावी.

‘आमच्या बायकांना बोलता येत नाही’ हे वाक्य वस्तीतील पुरुषांकडून हमखास ऐकायला मिळेल. माण तालुक्यातील म्हसवडची हकीकत त्यांना सांगावी. तिथल्या सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा आणि माणदेशातील बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तेव्हा अर्जावर अंगठे आहेत, प्रवर्तक निरक्षर आहेत, या कारणाने तो नाकारला गेला. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायला तयार असल्याचे त्यांनी सांगितले. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

तरीही सराव लागतो. सभेच्या आधी वस्तीतच दोनदा सभेचे नाटक करावे. एकाने सरपंच व्हावे, एकाने आडवे प्रश्न विचारणारा गावकरी व्हावे आणि मागणी मांडणाऱ्या मावशींनी तीन वाक्यांत विषय सांगावा. पहिल्या वेळी हसण्यात वेळ जातो, तो जाऊ द्यावा. मागणी मांडणारी एक, तिला दुजोरा देणारे दोघे आणि ठराव लिहिला जातो की नाही हे पाहणारा एक शिकलेला तरुण, अशी विभागणी मला उपयोगी पडली आहे. कार्यकर्ता गावचा मतदार नसेल तर त्याला सभेत बोलण्याचा अधिकार नाही, आणि ते चांगलेच आहे.

गणपूर्तीचा नियम लक्षात ठेवावा : गावातील एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. 500 मतदारांच्या गावात 75 माणसे, 1,200 मतदारांच्या गावात 100. म्हणजे साठ घरांच्या वस्तीतून प्रत्येकी एक माणूस आले तरी सभेचा मोठा भाग वस्तीचाच होतो. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर पुन्हा होणाऱ्या सभेला ही अट लागत नाही, आणि नेमक्या त्या सभेला वस्ती गैरहजर असते. तहकुबीची तारीख त्याच वेळी विचारून घ्यावी.

विषय मंजूर झाला असे नुसते म्हणून लोक उठतात. त्याने काही होत नाही. ठरावाचा मजकूर, सूचक, अनुमोदक आणि ठराव क्रमांक जागच्या जागी वाचून दाखवण्याची विनंती करावी. मोकळ्या जागा सोडलेल्या रजिस्टरवर सही करू नये, हे वस्तीत आधीच बजावून ठेवावे.

ठरावानंतर

ठराव झाला की काम सुरू होईल, असे वस्तीला वाटते, आणि दोन महिन्यांत काही दिसले नाही की सगळा राग कार्यकर्त्यावर निघतो. म्हणून पुढचा प्रवास आधीच सांगावा. आराखड्यात नोंद, शाखा अभियंत्याची पाहणी व अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग कामाचा आदेश. प्रत्येक टप्प्यावर कागद कोणाच्या टेबलावर आहे, हे वस्तीतील दोन तरुणांनी पंधरवड्यातून एकदा पंचायत समितीत जाऊन विचारायचे. या तरुणांचा येण्या-जाण्याचा खर्च वर्गणीतून द्यावा. कार्यकर्त्याने खिशातून दिला तर ते काम कार्यकर्त्याचे होते.

उत्तर मिळेनासे झाले तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. 10 रुपये शुल्क, तेही दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला माफ, आणि 30 दिवसांची मुदत. तक्रारीच्या सुरात लिहू नये, ‘ठराव क्रमांक अमुकवर झालेल्या कार्यवाहीच्या कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात’ एवढेच लिहावे. पहिल्याच महिन्यात मात्र हे हत्यार काढू नये. माझ्या पाहण्यात अर्ध्याहून जास्त कागद नुसत्या तिसऱ्या फेरीत हलले आहेत.

कधी कधी विरोध कागदावर येत नाही. वस्तीतील माणसाला शेतावर कामाला बोलावणे बंद होते, किराणा उधार मिळत नाही, पिठाच्या गिरणीत दळण मागे ठेवले जाते. अशा वेळी ‘गावात एकोपा राहावा’ म्हणून गप्प बसण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याचा 2016 चा स्वतंत्र कायदा आहे आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 पासून आहे. तारीख, वेळ, साक्षीदार यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. पण तक्रार द्यायची की नाही, हे ज्यांना त्या गावात राहायचे आहे त्यांनी ठरवावे. आपण रात्रीच्या एसटीने परत जाणारे असतो.

एप्रिल संपता संपता टोळ्या परततात. 1 मेच्या ग्रामसभेपूर्वी वस्तीत पुन्हा बैठक बोलवावी, ठरावाची प्रत मोठ्याने वाचून दाखवावी, मागच्या सहा महिन्यांत कोण किती वेळा तालुक्याला गेले आणि कागद कुठपर्यंत पोचला, हे त्या तरुणांच्याच तोंडून ऐकवावे, आणि गटाराचा खड्डा अजून पडलेला नसेल तर तेही तसेच सांगावे.